साहस शिबिरांचे प्रशिक्षक व्हायचंय? दोर, माणसं आणि खेळानंतरची चर्चा

कातळवेडा

डोंगरात रमणाऱ्या बऱ्याच तरुण मंडळींनी गेल्या काही महिन्यांत माझ्या विचारपुशीत एकच गोष्ट विचारली: कंपन्यांच्या आउटबाउंड शिबिरांत किंवा शाळांच्या साहस शिबिरांत प्रशिक्षक म्हणून उभं राहायचं तर काय शिकावं, कुठे शिकावं? प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा धागा काढतोय. हे काम केलेले, करवून घेतलेले आणि अशा शिबिरांना जाऊन आलेले बरेच जण इथे आहेत. त्यांनी भर घालावी, पटणार नाही तिथे अडवावं.

रोप्स कोर्स म्हणजे झाडांना किंवा खांबांना तारा, दोर, फळ्या, जाळ्या बांधून तयार केलेला मार्ग. गुडघ्या-कमरेइतक्या उंचीवरचे ते लो रोप्स; तिथे पडणाऱ्याला सोबतीच सावरतात. वीस-तीस फुटांवरचे ते हाय रोप्स. तिथे हार्नेस (कमर-मांड्यांना बांधायचे पट्टे), हेल्मेट आणि बिले, म्हणजे चढणाऱ्याला जोडलेला दोर दुसऱ्याने सांभाळणं. बर्मा ब्रिज (पायाखाली एक तार, हातांना दोन), कमांडो नेट, झिपलाइन ही नावं सगळ्यांच्या ओळखीची. जोडीला मैदानावरचे गटाचे खेळ असतात. दोऱ्यांच्या जाळ्यातून दोरीला धक्का न लावता सगळ्यांना पलीकडे पोचवायचं, बारा फुटी सपाट भिंत शिडीशिवाय अख्ख्या गटाने चढायची, असे.

या सगळ्याचा उगम सहलीत नाही, शिक्षणात आहे. फ्रेंच नौदलातल्या जॉर्ज एबेर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धावणं, चढणं, तोल सांभाळणं, उचलणं यांवर बेतलेली व्यायामपद्धती मांडली आणि लष्करी अडथळ्यांच्या मार्गांवर तिचा मोठा प्रभाव पडला. १९४१ मध्ये शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांनी वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीला आउटवर्ड बाउंडची पहिली शाळा काढली. महायुद्धात जहाज बुडाल्यावर धडधाकट तरुण खलाशी धीर सोडत आणि वयस्क खलाशी तग धरत, हे पाहून ती निघाली असं सांगतात. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या हॅमिल्टन-वेनहॅम इथल्या सरकारी शाळेत प्रोजेक्ट अ‍ॅडव्हेंचर सुरू झालं. रानात कित्येक दिवस राहून जे शिकायचं, ते शाळेच्या आवारात आणि शाळेच्या वेळापत्रकात बसवायचा तो प्रयत्न होता. आपण आज पाहतो त्या रोप्स कोर्सचा साचा बराचसा तिथला. आपल्याकडे कंपन्यांच्या प्रशिक्षणात हा प्रकार रुजवणाऱ्यांत १९८८ च्या कांचनजंगा मोहिमेचे नेते वसंत लिमये यांचं नाव पहिल्या फळीत घ्यावं लागतं. ताम्हिणीजवळची गरुडमाची अनेकांनी पाहिली असेल.

आता मुद्द्याचं. माझं ठाम मत असं, की दोराचं काम मन लावून केलं तर काही महिन्यांत हातात बसतं. माणसांचं काम शिकायला कित्येक हंगाम जातात, आणि आपल्याकडे ते शिकवलंच जात नाही. गाठी, बिले, रॅपलिंग (दोरावरून उतरणं) आलं की पोरगा दुसऱ्या शनिवारी 'फॅसिलिटेटर', म्हणजे गटाचे खेळ आणि चर्चा घेणारा, म्हणून उभा राहतो. खेळ संपला की टाळ्या, फोटो, जेवण. ज्या अर्ध्या तासाच्या चर्चेसाठी तो खेळ रचलेला असतो, तो अर्धा तास बसने खाल्लेला असतो.

म्हणून कुठल्याही प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. वर अडकलेल्या माणसाला खाली आणायचा सराव माझ्याकडून, खऱ्या वजनासह, पुन्हा पुन्हा करून घेणार का? आणि मी गटाची चर्चा घेत असताना अनुभवी माणूस शेजारी बसून नंतर मला माझ्या चुका सांगणार का? दोन्हींना स्पष्ट हो आलं तर जा. 'ते ओघात येईल' असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

सह्यभटक्या

धागा वेळेवर आला दादा. मी मनालीच्या संस्थेतून गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलाय, 'ए' ग्रेड आहे. पुढच्या वर्षी अ‍ॅडव्हान्स करायचा विचार आहे. या कामासाठी तेवढं पुरेल का?

कातळवेडा

पाया म्हणून फार चांगलं, अ‍ॅडव्हान्स नक्की कर. गिर्यारोहण शिकवणाऱ्या संस्थांत दार्जिलिंगची एचएमआय १९५४ ची, मनालीची १९६१ ची, उत्तरकाशीची निम १९६५ ची. तिथली शिस्त, पहाटेची हजेरी, सामान मोजून घेणं आणि मोजून परत देणं हे आयुष्यभर पुरतं. अ‍ॅडव्हान्सला 'ए' मिळाला तर पुढे मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे एमओआय, करता येतो. शिकवायचं कसं ते तिथे शिकवतात, म्हणून मी एमओआयला जास्त महत्त्व देतो.

पण एक फरक ओळखून ठेव. संस्थेत तुझ्या दोरावर जो असतो तो स्वतःहून आलेला असतो, धोका जाणून. शिबिरात तुझ्या दोरावर येतो तो लेखा विभागातला पंचेचाळिशीचा गृहस्थ, ज्याला शुक्रवारी ईमेल आलं आणि शनिवारी पहाटे बसमध्ये बसवलं. त्याला गुडघेदुखी आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि हे सगळं तो साहेबांच्या देखत सांगणार नाही. तो फॉर्मवर काय लिहील यापेक्षा, तू त्याला बाजूला घेऊन विचारलंस तर काय सांगेल, ते महत्त्वाचं.

यंत्रघर

मी स्थापत्य अभियंता, गिर्यारोहणाशी संबंध प्रेक्षक म्हणूनच. पण दोन-तीन रिसॉर्टवरचे रोप्स कोर्स तपासायला गेलो आहे, त्यावरून एक गोष्ट कळकळीने सांगतो. तार जितकी ताठ ओढाल तितकी ती सुरक्षित, हा समज फार पसरलेला आहे आणि तो उलटा आहे.

हिशेब साधा आहे. दोन झाडांत २० मीटर अंतर आहे आणि ८० किलोचा माणूस बरोबर मध्ये उभा आहे. तार मधोमध २ मीटर खाली झुकली तर तिच्यात साधारण २०० किलोचा ताण येतो. तीच तार घट्ट ओढून झोळ १ मीटरवर आणला, तर ताण ४०० किलोच्या घरात जातो. अर्धा मीटरवर आणला तर ८००. माणूस तोच, तार तीच. हे स्थिर उभ्या माणसाचं. त्याने उडी मारली, तोल जाऊन लटकला, दोघं एकदम तारेवर आले, की आकडे आणखी चढतात. म्हणून तारेची तुटण्याची ताकद येणाऱ्या ताणाच्या निदान पाचपट असावी असा दंडक पाळतात. आणि हा सगळा ताण शेवटी झाडाच्या बुंध्यावर किंवा खांबाच्या पायावर येतो, तिथे बहुतेक कुणी बघत नाही.

प्रशिक्षकाला गणित आलंच पाहिजे असं नाही. पण तारेचं टोक दुमडून जिथे आवळतात, तिथले क्लॅम्प बघता आले पाहिजेत. क्लॅम्पच्या यू-बोल्टची कमान तारेच्या मोकळ्या टोकावर आणि खोगीर (क्लॅम्पचा खाचेचा ठोकळा) ताणाच्या बाजूवर, अशीच बसवायची. उलट बसवलं तर यू-बोल्ट ताण घेणारीच तार चेपतो. निदान तीन क्लॅम्प, सगळे एकाच दिशेने. मी पाहिलेल्या एका जागी दोन होते, एक सुलट आणि एक उलट. तिथे रोज शाळेची मुलं जात होती.

कातळवेडा

यंत्रघर, हा प्रतिसाद मी छापून शेडमध्ये लावणार आहे. जगात यासाठी मानकं आहेत. युरोपात ईएन १५५६७ आहे, पहिला भाग बांधणीचा आणि दुसरा चालवण्याचा. अमेरिकेत एसीसीटी या संघटनेचं मानक चालतं. आपल्याकडे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने अ‍ॅडव्हेंचर टूर ऑपरेटर्सच्या संघटनेबरोबर २०१८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. महाराष्ट्राच्या पर्यटन विभागाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात नोंदणी आली. कागद आहेत. रोज सकाळी तारेखाली उभं राहून वर बघणारा माणूस मात्र तुम्हालाच व्हावं लागतं.

तपासणी तीन पातळ्यांवर धरा. रोज सुरू करण्याआधी डोळ्यांनी आणि हातांनी. महिन्या-दोन महिन्यांनी बारकाईने, नोंदीसह. आणि वर्षातून एकदा बाहेरच्या जाणकाराकडून, ज्याचा त्या जागेच्या धंद्याशी संबंध नाही. सह्याद्रीत चौथी वेळ मी घालेन: पावसाळा संपल्यावर. चार महिने भिजलेली फळी, गंजलेला नट आणि बुंध्यात शिरलेली तार सप्टेंबरअखेर पाहिल्याशिवाय ऑक्टोबरचं एकही बुकिंग घेऊ नये.

दोर, हार्नेस, स्लिंग (शिवलेल्या पट्टीचा फास) यांचा प्रत्येकाचा जन्मदाखला हवा. कधी घेतलं, किती वापरलं, कधी झटका बसला. उन्हाने नायलॉन कमजोर होतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. कापडी सामान न वापरता ठेवलं तरी बहुतेक उत्पादक दहा वर्षांच्या पुढे वापरू नका म्हणतात. रोज वापरलं तर त्याच्या कितीतरी आधी बाद करावं लागतं. बाद केलेल्या दोराचे तुकडे करून टाका. नाहीतर तो टेम्पोत सामान बांधायला जातो आणि एक दिवस परत दोरांच्या पेटीत येतो.

मृणाल_हिंजवडी

मी पलीकडच्या बाजूने लिहिते. आयटी कंपनीत एचआरमध्ये आहे, अशा शिबिरांचं ठरवणं माझ्याकडेच असतं. अगदी प्रामाणिकपणे विचारते: याचा उपयोग होतो का? लोक आनंदाने येतात, ग्रुपवर आठवडाभर फोटो फिरतात, आणि पुढच्या सोमवारी टेस्टिंगवाले आणि डेव्हलपमेंटवाले पुन्हा एकमेकांना ईमेलमधूनच उत्तरं देतात. मला दरवर्षी वर उत्तर द्यावं लागतं की हा खर्च कशासाठी.

कातळवेडा

मृणाल, प्रश्न योग्य आहे आणि तो टाळणारे प्रशिक्षकच या क्षेत्राचं नुकसान करतात.

अभ्यास झालेले आहेत. १९९७ मध्ये जॉन हॅटी आणि सहकाऱ्यांनी साहस शिक्षणावरचे ९६ अभ्यास एकत्र करून पाहिले. परिणाम मध्यमसा होता, पण विशेष हे की तो शिबिरानंतर विरण्याऐवजी पुढेही थोडा वाढला. शिक्षणातल्या बऱ्याच उपक्रमांच्या बाबतीत असं होत नाही. २००८ मध्ये गिलिस आणि स्पीलमन यांनी फक्त रोप्स कोर्सवरचे ४४ अभ्यास तपासले, तिथेही मध्यम परिणाम दिसला. पण हॅटींच्या आकड्यांत लांब मुदतीचे कार्यक्रम छोट्यांपेक्षा वरचढ ठरले. चहा-नाश्ता, झिपलाइन, बुफे, परत, अशा दिवसाकडून ते फळ मागता येणार नाही.

तुमच्या शिबिरात खेळानंतर काय होतं ते आठवून बघा. बहुतेक ठिकाणी प्रशिक्षक विचारतो, "कसं वाटलं?" उत्तर येतं, "मस्त वाटलं सर." मग तोच सांगतो की टीमवर्क महत्त्वाचं असतं. टाळ्या. इथे कुणीच काही शिकलं नाही, कारण जे शिकायचं ते प्रशिक्षकाने आधीच बोलून टाकलं.

गिरिजा_नाशिक

चर्चेबद्दल मी जरा सविस्तर लिहू का? माझा जीव त्यातच आहे.

जाळ्याचा खेळ घ्या. चौदा जण, जाळ्याला चौदा भोकं, एक भोक एकदाच वापरायचं, दोरीला धक्का लागला की तो माणूस परत. प्रत्येक गटात साधारण तेच घडतं. दोघं-तिघं मोठ्याने बोलणारे लगेच ताबा घेतात, बारीक अंगाच्या मुलीला मोठ्या भोकातून सोपं म्हणून आधी पाठवतात, आणि शेवटी थोराड माणूस आणि वरचं छोटं भोक उरतं. मागे कुणीतरी उभं असतं ज्याने सुरुवातीलाच हळू आवाजात सांगितलेलं असतं, "मोठी भोकं राखून ठेवूया." कुणी ऐकलेलं नसतं. मी खेळ चालू असताना हेच टिपत असते. कोण बोललं, कोणाचं ऐकलं गेलं, कोण बोलायचं थांबलं, कोणत्या क्षणी थांबलं.

खेळ संपला की सगळ्यांना गोलात बसवायचं. खुर्च्या नकोत, साहेबही जमिनीवर. पहिले प्रश्न फक्त काय घडलं याचे. "पाचवी व्यक्ती पलीकडे गेली तेव्हा इकडे उरलेले काय करत होते?" "मोठं भोक वापरायचं कोणी ठरवलं? कसं ठरलं?" इथे मतं येऊ द्यायची नाहीत, घटनाच. एकाला एक आठवतं, दुसऱ्याला दुसरं, आणि तिथेच लोक चमकतात, कारण एकाच वीस मिनिटांच्या दोन वेगळ्या हकिकती बाहेर येतात. मग दुसरा टप्पा, याचा अर्थ काय लावता? आणि शेवटी, हे तुमच्या कामात कुठे घडतं? हा क्रम मोडला की सगळं भाषण होऊन बसतं.

तो हळू आवाजातला माणूस मी कधीही बोट दाखवून पुढे आणत नाही. मी विचारते, "अशी एखादी सूचना होती का, जी आली पण वापरली गेली नाही?" आणि गप्प बसते. ही शांतता सहन करणं मला सगळ्यांत कठीण गेलं. नवे प्रशिक्षक काही सेकंदांत घाबरून स्वतःच उत्तर देतात. थांबलं तर बहुधा गटातलाच कोणीतरी म्हणतो, "हा म्हणत होता, आपण ऐकलं नाही." हे माझ्या तोंडून येण्यात आणि त्यांच्या टीम लीडच्या तोंडून येण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मृणालताई, चर्चेला खेळाइतकाच वेळ धरलेलं वेळापत्रक मागा. खेळ कमी झाले तरी चालतील.

फौजी_काका

सैन्यात उमेदीची सगळी वर्षं काढली, निवृत्तीनंतर शाळांची शिबिरं घेतो. गिरिजाताईंचं चर्चेचं लिखाण मनापासून आवडलं. पण हल्ली जे 'चॅलेंज बाय चॉइस' चाललंय, की पोराला नको वाटलं तर त्याने करू नये, ते मला पटत नाही. भीती धक्का दिल्याशिवाय जात नाही. दहा फुटांवरून पाण्यात उडी मारायला घाबरणाऱ्या कित्येक जवानांना आम्ही ढकललं आहे, आणि नंतर त्यांनी आभार मानले.

गिरिजा_नाशिक

काका, तुमच्या अनुभवाचा मान राखून वेगळं मत मांडते. तुमचा जवान भरती होताना हे पत्करूनच आला होता, आणि तुम्ही त्याच्यासोबत महिनोन्‌महिने होता. तो पुढच्या आठवड्यात कसा झोपतोय हे तुम्हाला दिसत होतं. माझ्याकडे येणारी सातवीतली मुलगी मला सकाळी भेटते आणि संध्याकाळी बसने जाते. तिला कशाची भीती आहे, ती कुठून आली आहे, मला माहीत नसतं. ढकलल्यावर ती मोकळी झाली की मिटली, हे बघायला मी तिथे नसते.

आणि ही पद्धत म्हणजे घरी बसायची मुभा नव्हे. प्रोजेक्ट अ‍ॅडव्हेंचरमधून ती आली तेव्हापासून तिच्यात हे गृहीत आहे, की किती करायचं ते माणसाने ठरवावं, पण गटातून बाहेर पडू नये. शिडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत जा. वर हात लावून ये. नाहीच तर दोराचं शेपूट धर, खालून आवाज दे, वेळ मोज. मी एवढंच विचारते, "आज कुठपर्यंत?" आणि ती म्हणेल तिथे थांबते. बरीच मुलं थोड्या वेळाने स्वतःच परत रांगेत येतात.

फौजी_काका

महिनोन्‌महिने सोबत असण्याचा मुद्दा मान्य. तो मी धरला नव्हता. एका दिवसाच्या शिबिराला माझी पद्धत लागू नाही, हे कबूल. लांब शिबिरांबद्दल मात्र माझं मत कायम आहे, तिथे मुलांना हलकासा रेटा द्यावाच लागतो.

कातळवेडा

काका, रेटा शब्दांचा असावा, हाताचा नाही, एवढं जोडतो.

याला लागूनच, वर गोठून गेलेला माणूस. बर्मा ब्रिजच्या मधोमध पाय थरथरायला लागले, तार गच्च धरली, पुढे नाही आणि मागेही नाही. नव्या प्रशिक्षकाची पहिली चूक म्हणजे खालून दहा जणांचा गलका, "येईल रे, कर ना!" आधी खालच्यांना गप्प करा. एकच आवाज हवा, ओळखीचा, नावाने हाक मारणारा. श्वास सोडायला सांगा, नजर समोरच्या खांबावर, मग एकच पाऊल. बहुतेक वेळा एवढ्यावर निभावतं.

नाहीच निभावलं, किंवा पाय सुटून तो लॅनयार्डवर (हार्नेस वरच्या तारेला जोडणाऱ्या छोट्या दोरावर) लटकला, तर वर जायचं. त्याला दुसऱ्या उतरवण्याच्या दोरावर जोडायचं, छोट्या पुलीच्या मांडणीने थोडं उचलून लॅनयार्डवरचा भार काढायचा, ती सोडायची, आणि हळू खाली. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचत जातं. शुद्ध हरपली असेल तर खेळ मिनिटांचा आहे. खाली आणल्यावर आडवं झोपवा, श्वास आणि नाडी बघा, नेहमीचे प्रथमोपचार करा. बसवून ठेवायचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. ही सगळी मांडणी एका पिशवीत तयार बांधून, रोज सकाळी कोर्सच्या पायथ्याशी टांगलेली हवी. ऑफिसच्या कपाटात ठेवलेली पिशवी संकटात पोचत नाही.

गिरिजा_नाशिक

दागिन्यांवरही कोणीतरी लिहायला हवं. अंगठी अडकून बोट सोलवटून निघू शकतं, त्यामुळे अंगठ्या, बांगड्या, कानातले उतरवायचे, केस बांधायचे, ओढणी नको. पण मंगळसूत्र. माइकवरून "सगळ्या लेडीज मंगळसूत्र काढा" म्हणणारे प्रशिक्षक मी पाहिलेत, आणि त्यानंतर बाजूला जाऊन बसलेल्या बायकाही. बायकांना वेगळं घेऊन कारण समजावलं तर काही जणी काढून मैत्रिणीकडे देतात, काही टी-शर्टच्या आत घेऊन वर चिकटपट्टी लावतात. दुसरा पर्याय मी दोर मानेजवळ येत नाही अशा खेळांनाच मान्य करते. जिची तयारी नाही तिला लो रोप्सवर काम देते.

हार्नेस चढवणं, पट्टे मांडीवर ओढणं हे बायकांसाठी बाईनेच करावं, किंवा तिलाच करायला शिकवावं आणि नजरेने तपासावं. स्पॉटिंग शिकवताना हात कुठे असावेत हे आधी स्पष्ट बोलावं. या क्षेत्रात मुली कमी येतात आणि येतात त्यांना हार्नेस वाटायलाच उभं करतात. मुलींनो, बिलेवर आणि बचावाच्या सरावात जागा मागून घ्या.

सह्यभटक्या

स्पॉटिंग म्हणजे खाली उभं राहून सावरणं ना? ते शिकायला काय लागतं, असं वाटायचं.

कातळवेडा

तिथेच फसतात बघ. माझ्या अनुभवात मुरगळणं, मनगट मोडणं, डोकं आपटणं हे हाय रोप्सपेक्षा लो रोप्सवर जास्त. वर यंत्रणा पकडते. खाली माणसाचं लक्ष पकडतं, आणि लक्ष सुटतं. स्पॉटरचा एक पाय पुढे, गुडघे थोडे वाकलेले, हात वर, कोपर मोकळे, नजर चालणाऱ्याच्या पाठीवर आणि डोक्यावर. त्याला झेलायचं नसतं. डोकं, मान आणि पाठीचा कणा वाचेल असं वळवून पायांवर आणायचं असतं. आधी जमिनीवर सराव, मग फळीवर. चालणाऱ्याने "तयार?" विचारायचं आणि "तयार!" ऐकू येईपर्यंत पाऊल उचलायचं नाही. उंचावरून पाठमोरं पडून गटाच्या हातांवर झेलायचा खेळ मी कधीच बंद केला. त्यातून येणारा विश्वास इतर दहा मार्गांनी मिळतो, मोडलेली मान मिळवून परत देता येत नाही.

शाळामास्तर

आम्ही दरवर्षी मुलं नेतो. पालकांचं संमतिपत्र घेतो, एवढ्यावर जबाबदारी संपते असं व्यवस्थापनाला वाटतं. तसं आहे का? आणि मागे एका किल्ल्यावर मोहोळ उठलं होतं, तेव्हापासून धास्ती आहे.

कातळवेडा

मास्तर, संमतिपत्राने निष्काळजीपणा माफ होत नाही. धोका समजावून सांगितला याचा तो पुरावा, तेवढाच. शाळेने संस्थेची नोंदणी, विमा, जवळच्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता आणि थांबलेली गाडी या चार गोष्टी बघाव्यात. राज्य सरकारच्या शालेय शिक्षण आणि क्रीडा विभागाचा साहसी उपक्रमांबाबतचा २०१८ चा शासन निर्णय वाचून ठेवा. मुलींबरोबर महिला प्रशिक्षक असावीच. मुलाबरोबर कुठलाही प्रशिक्षक एकटा आडोशाला राहणार नाही, हा नियम शाळेने आधी लेखी मागावा.

आग्या मोहोळाला दोर, बिले काही चालत नाही. कोर्सच्या आसपासची झाडं आणि कडे दर आठवड्याला दुर्बिणीने बघायचे, पोळं दिसलं तर ती जागा बंद. शेकोटीचा धूर, अत्तर, आरडाओरडा टाळायचा. उठलंच तर तोंड झाकून लांब पळायचं. वर दोरावर असलेल्याला उतरवणारा मात्र पळू शकत नाही, म्हणून बिले देणाऱ्याजवळ डोकं झाकणारी जाळी ठेवा. एप्रिल-मेच्या वळवाच्या विजांचंही तेच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, की सगळे खाली, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणी तारेला हात लावायचा नाही.

अनघा_मिशिगन

इथे एका उन्हाळी कॅम्पमध्ये मी काही हंगाम काम केलं आहे. एसीसीटीची पातळीवार प्रमाणपत्रं असतात, लेखी आणि प्रत्यक्ष अशी दोन्ही परीक्षा. मला त्यातलं सगळ्यांत आवडलेलं म्हणजे नवीन कोर्सवर गेलं की जुनं प्रमाणपत्र असूनही त्या जागेचं वेगळं प्रशिक्षण घ्यावंच लागतं, कारण प्रत्येक जागेच्या तारा, बिलेची पद्धत, सुटकेची वाट वेगळी. आमच्याकडे कोणीही, अगदी कालच आलेला मदतनीसही, "थांबा" म्हणाला की सगळं थांबायचं, आणि थांबवणाऱ्याला कोणी जाब विचारायचा नाही.

कातळवेडा

अनघा, हे दोन्ही नियम आपल्याकडे उद्यापासून पाळता येतात, एक रुपया खर्च नाही.

सह्यभटक्या, तुझ्यासाठी क्रम सांगतो. अ‍ॅडव्हान्स कर. त्याच्या आधी किंवा नंतर वाइल्डरनेस फर्स्ट एड, म्हणजे रानातल्या प्रथमोपचारांचा कोर्स, जमलं तर त्यापुढचा फर्स्ट रिस्पॉन्डर. मसुरीला वुडस्टॉक शाळेचं हॅनिफल सेंटर यासाठी नावाजलेलं आहे. मग एखाद्या चांगल्या संस्थेत पूर्ण हंगाम मदतनीस म्हणून रहा. सामान मोज, हार्नेस धू, नोंदवही लिही, आणि गिरिजासारख्या कोणाच्या मागे बसून चर्चा ऐक. एकट्याने गट घ्यायची घाई करू नकोस.

मृणाल_हिंजवडी

माझ्या पुढच्या ईमेलमधलं "सर्वांनी सर्व उपक्रमांत भाग घेणे अनिवार्य" हे वाक्य काढते आहे. संस्थेकडे दोरांची नोंदवही आणि चर्चेचा वेळ धरलेलं वेळापत्रक मागितलंय. एक शंका: त्यांच्या तारांवर हिरवं प्लास्टिकचं आवरण आहे, हाताला टोचत नाही म्हणून चांगलं असं ते सांगतात. ठीक आहे का?

यंत्रघर

भार घेणाऱ्या तारेला नको. आवरणावर क्लॅम्प नीट आवळला जात नाही, घसरतो. शिवाय आत पाणी शिरून तार गंजली तरी बाहेरून हिरवीगार दिसत राहते, तपासणार कशी? हात धरायच्या जागी वेगळी रबरी नळी चढवता येते, ती सरकवून आत बघता येतं. त्यांना क्लॅम्पपाशी आवरण सोललंय का ते विचारा आणि टोकाचा फोटो मागवा. इथे टाकलात तर मी बघून सांगतो.

मृणाल_हिंजवडी

उद्या मागवते.